पुशबॅकनंतरची ती लाल फीत, आणि विमानाच्या पुढच्या चाकाची गोष्ट

हँगरवाला | शनिवार, रात्री १०.४०

विमानात पुढच्या बाजूला खिडकीशी बसला असाल तर हे पाहिलं असेल. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलत नेतो, टो-बार (ट्रॅक्टरला विमानाशी जोडणारा दांडा) सुटतो, ट्रॅक्टर बाजूला होतो. मग कानाला हेडसेट लावलेला एक माणूस चालत दूर येतो, वर कॉकपिटकडे बघतो आणि लाल फीत बांधलेली एक पिन उंच धरतो. वैमानिक हात हलवतो. बहुतेकांना हा निरोप वाटतो. तो माणूस खरं तर सांगत असतो : ढकलताना पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी पिन मी काढलीय, ही बघा माझ्या हातात आहे, आता चाक तुमच्या ताब्यात.

मी २६ वर्षं विमानांच्या देखभालीत आहे. त्यातली बरीचशी मुंबईत, रात्रपाळीत. लोक इंजिनाबद्दल विचारतात, टर्ब्युलन्सबद्दल विचारतात. पुढच्या चाकाबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून हा धागा.

उदाहरण एअरबस ए३२० चं घेतो, आपल्याकडे ती विमानं उदंड आहेत. कॅप्टनच्या डाव्या हाताशी एक लहानसं हँडल असतं, त्याला टिलर म्हणतात. टिलरने पुढची चाकं दोन्ही बाजूंना ७५ अंशांपर्यंत वळतात. पायातल्या रडर पेडलने फक्त ६ अंश. वेग वाढेल तसा संगणक हे वळण कमी करत नेतो. टेकऑफच्या वेगात चाक जरा जास्त वळलं तरी विमान भरकटेल. टिलर आणि चाक यांच्यामध्ये तार किंवा दांडा नाही. बीएससीयू नावाचा संगणक (ब्रेक आणि स्टिअरिंग, दोन्ही त्याच्याकडे) हुकूम देतो, हायड्रॉलिकच्या दाबाने दात्यांची पट्टी सरकते आणि पायाचा (चाकं ज्याला लावलेली असतात त्या खांबाचा) वरचा भाग फिरतो. तिथलं वळण खाली चाकांपर्यंत पोचवते ती टॉर्क लिंक. आम्ही तिला सिझर म्हणतो, कात्रीसारखी उघडते-मिटते म्हणून.

विमान हवेत गेलं की चाकं सरळ व्हायलाच हवीत, नाहीतर ती पोटातल्या खोबणीत मावणार नाहीत. त्यासाठी पायाच्या आत एकमेकांत बसणारे दोन कॅम (उंचवटा आणि खाच असलेले तुकडे) असतात. वजन उतरलं की पाय लांबतो, कॅम एकमेकांत बसतात आणि चाक सरळ होतं. साधी, जुनी युक्ती.

आता नियम. मोठ्या विमानांसाठी युरोपची सीएस-२५ नावाची संहिता आहे, तिच्यातला ७४५ वा परिच्छेद पुढच्या चाकाच्या स्टिअरिंगचा. त्यात सांगितलंय की हे स्टिअरिंग वापरायला वैमानिकाकडे असाधारण कौशल्य लागता कामा नये, अगदी आडवा वारा असताना किंवा टेकऑफच्या धावेत एक इंजिन अचानक बंद पडलं तरी. कुठल्याही एका बिघाडाने चाक धोकादायक स्थितीत जाता कामा नये. आणि विमान ओढून नेण्याची जोडणी अशी हवी की ओढताना स्टिअरिंगला इजा होणार नाही. म्हणून बिघाड कळताच हायड्रॉलिक तोडून चाक मोकळं सोडायचं, ट्रॉलीच्या चाकासारखं, ही सर्वसाधारण पद्धत आहे. मग वैमानिक डावा-उजवा ब्रेक कमीजास्त दाबून दिशा सांभाळतो.

कागदावर हे चोख आहे. धातूचं काय होतं ते २१ सप्टेंबर २००५ ला जगाने पाहिलं. जेटब्लू या अमेरिकी कंपनीचं २९२ क्रमांकाचं ए३२० बरबँकहून न्यूयॉर्कला निघालं होतं. उड्डाणानंतर चाक आत जाईना. लाँग बीचच्या टॉवरसमोरून विमान कमी उंचीवरून नेलं तेव्हा कळलं की पुढची दोन्ही चाकं ९० अंशांत आडवी झालीत. विमानात १४६ माणसं. इंधन जाळत साधारण तीन तास घिरट्या घातल्या. आपल्याच विमानाच्या बातम्या प्रवासी समोरच्या पडद्यावर बघत होते. शेवटी लॉस एंजेलिसला उतरले. नाक शक्य तितका वेळ वर धरलं, मग ठिणग्या, आग, टायर फाटून रिम घासत गेल्या. विमान धावपट्टीच्या मधोमध थांबलं. कोणालाही इजा नाही. त्या वैमानिकांना आजही माझा सलाम.

अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने, चौकशीत काय म्हटलं ते माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावं. पायाच्या आतला आधार फिरू नये म्हणून त्याला कान (बाहेर आलेले कंगोरे) असतात, तसे दोन कान थकून तुटले होते. आणि ते थकले कशाने? उतरण्यापूर्वी बीएससीयू दर वेळी स्टिअरिंगची चाचणी घेतो, चाकं किंचित डावी-उजवी करून बघतो, त्या चाचण्यांनी. त्यात भर म्हणजे बिघाडानंतर संगणकाच्या तर्काने चाकं मध्यावर येऊ दिली नाहीत, आणि अशा वेळी बीएससीयू रीसेट करून बघायची पद्धत वैमानिकांना दिलेली नव्हती.

सुरक्षेसाठी घेतलेल्या चाचणीनेच भाग झिजवला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मधुरा_के | शनिवार, रात्री ११.१५

फार छान लिहिलंय. ती फीत मी दर वेळी बघते आणि मुलाला "काका टाटा करतायत" असं सांगत आले!

एक प्रश्न. चाचणीनेच झीज होत असेल तर चाचणी बंद करायला नको का? आणि हे कान नेहमीच्या तपासणीत दिसले नाहीत?

हँगरवाला | शनिवार, रात्री ११.५०

मधुराताई, चाचणी हवीच. उतरल्यावर स्टिअरिंग चालत नाही हे धावपट्टीवर कळण्यापेक्षा हवेत कळलेलं शंभर पट बरं. चूक मोजण्यात झाली. त्या कानांवर दर फेरीला किती भार येतो आणि असे किती भार ते सोसतील, हा हिशेब प्रत्यक्षापेक्षा कमी पडला.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते कान पायाच्या नळीच्या आत असतात. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारणाऱ्याला ते दिसणं शक्यच नाही. लँडिंग गिअर पूर्ण उघडून ओव्हरहॉल होतो साधारण १० वर्षांनी किंवा २०,००० सायकलनी (एक टेकऑफ-लँडिंग म्हणजे एक सायकल), जे आधी येईल ते. जेटब्लूचं ते विमान २००२ चं होतं. ओव्हरहॉलला अजून कितीतरी वर्षं होती.

आणि ही पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबसला अमेरिका वेस्ट कंपनीचं ए३२० असंच आडव्या चाकांनी उतरलं होतं. तिथे कारण निराळं, स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमधल्या रबरी ओ-रिंग निकामी झाल्या होत्या. लक्षण एकच, रोग दोन. म्हणून "मागच्या वेळी हेच झालं होतं" असं म्हणून हात झटकणारा इंजिनिअर मला हँगरमध्ये नको असतो.

आबा सातारकर | रविवार, सकाळी ७.०५

वाचतोय. आमच्या एसटीच्या वर्कशॉपात किंगपिनला ग्रीस मारलं की नाही यावरून रोज वाद व्हायचा, त्याची आठवण झाली. विमानाला पण ग्रीसच का?

हँगरवाला | रविवार, सकाळी ८.३०

आबा, ग्रीसच! सिझरच्या सांध्यांना, वळणाऱ्या भागाच्या बुशिंगना (सांध्यात बसवलेल्या धातूच्या नळ्यांना, आम्ही बुश म्हणतो). आणि ग्रीसगन लावून मोकळं व्हायचं नसतं. जुनं, काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत भरायचं. पावसाळ्यात माझं सगळ्यात जास्त लक्ष इथे असतं. विमान धुताना कोणी जोराच्या फवाऱ्याने सांध्यावर पाणी मारलं तर ग्रीस निघून जातं आणि पाणी आत शिरतं. बुश झिजला की सिझरच्या टोकाला खेळ येतो, आणि मग शिमी सुरू होते, म्हणजे चाक वेगात डावं-उजवं थडथडतं. प्रवाशाला वाटतं धावपट्टी खराब आहे.

उडता_विद्यार्थी | रविवार, सकाळी ९.२०

शिमी म्हटल्यावर राहवलं नाही. मी सेसना १७२ वर शिकलो. लँडिंगनंतर एकदा पुढचं चाक असं थडथडायला लागलं की डॅशबोर्डवरचे आकडे वाचता येईनात. इन्स्ट्रक्टरने योक (विमानाचं हँडल) मागे ओढून पुढच्या चाकावरचं वजन कमी केलं, तेव्हा थांबलं. शिमी डँपर, म्हणजे ही थडथड शोषणारा भाग, गेला होता.

त्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये एक ओळ आहे : हाताने ओढताना पुढचं चाक ३० अंशांपलीकडे वळवू नका, नोज गिअरला इजा होईल. आम्ही चार मुलं विमान शेडमध्ये ढकलताना ती ओळ किती वेळा पाळली असेल, आता सांगवत नाही. कोणी कधी विचारलंही नाही.

विहंग | रविवार, दुपारी १२.१०

ए३२० वर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. धागाकर्त्याच्या पिनबद्दल आमच्या बाजूने थोडं.

पिन लावलेली असते तेव्हा समोरच्या पडद्यावर "एनडब्ल्यू स्टिअरिंग डिस्क" (पुढच्या चाकाचं स्टिअरिंग तोडलेलं आहे) अशी हिरवी सूचना असते. इंजिन चालू झालं की तीच पिवळट-नारिंगी होते. पिन निघाली की जाते. तरीही आम्ही त्या माणसाच्या हातातली फीत बघितल्याशिवाय हलत नाही. पडद्याने सांगितलं आणि माणसाने दाखवलं, दोन्ही हवं. पिन आणि माणूस, दोघंही विमानापासून दूर आहेत हे त्या एका हातवाऱ्यातून कळतं.

पेडणेकर | रविवार, दुपारी १.३५

विहंग, दाबोळीला २०१६ च्या डिसेंबरात मुंबईला निघालेलं विमान धावपट्टी सोडून गर्रकन फिरलं होतं, ते स्टिअरिंगमुळेच ना? माझे मेव्हणे त्या दिवशी पुढच्या विमानासाठी विमानतळावरच होते. त्यांच्या तोंडून ऐकलंय.

विहंग | रविवार, दुपारी २.००

नाही. २७ डिसेंबर २०१६ ची पहाट. ते बोइंग ७३७ होतं. दोन्ही इंजिनं सारखी स्थिर होण्याआधी टेकऑफचा जोर दिला गेला, एका बाजूचा जोर आधी चढला आणि विमान त्याच्या विरुद्ध बाजूला ओढलं गेलं. असा जोर एकतर्फी झाला की पुढच्या छोट्या चाकांच्या पकडीने विमान सरळ राहत नाही, थ्रॉटल मागे घ्यावेच लागतात. धावपट्टीवरून घसरलेलं प्रत्येक विमान स्टिअरिंगने घसरलं असं समजू नये. उलटही खरं : स्टिअरिंग गेलं म्हणून विमान घसरलंच पाहिजे असंही नाही. मोकळ्या चाकाने ब्रेकवर विमान वळवायचा सराव आम्ही सिम्युलेटरमध्ये करतो.

अंधेरी_पूर्व | रविवार, संध्याकाळी ५.४०

"माणूस विमानापासून दूर आहे हे कळतं" हे वाक्य वाचून थांबले. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबईत हैदराबादला निघालेल्या विमानाच्या पुशबॅकनंतर खालचा तंत्रज्ञ जवळ असतानाच विमान पुढे निघालं आणि तो इंजिनात ओढला गेला. त्या काळात मी विमानतळावर चेक-इनला काम करत होते. कितीतरी दिवस आम्ही कोणी जेवणाच्या सुट्टीत बोलत नव्हतो. त्या फितीकडे आता बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

हँगरवाला | रविवार, रात्री ९.१५

अंधेरी_पूर्व, त्या रात्री मी ड्यूटीवर होतो. इथे त्यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

उडता_विद्यार्थी, तुम्ही जे प्रांजळपणे लिहिलंत, खरं तर त्यासाठीच मी धागा काढला होता. ते लिहायचा धीर मला पहिल्या पोस्टमध्ये झाला नाही.

माझ्या अनुभवात हवेत स्टिअरिंगला फारसं काही होत नाही. होतं ते जमिनीवर, ओढताना. ए३२० च्या पुढच्या पायावर लाल खूण असते. ओढताना मध्यापासून ९५ अंश ही हद्द आहे. ७३७ ला ७८ च्या पुढे वळवायचं तर आधी सिझर सोडवावी लागते. टो-बारमध्ये शिअर पिना असतात, फार जोर आला तर त्या तुटाव्यात आणि विमानाचा पाय वाचावा म्हणून. पण ट्रॅक्टर सावकाश वळत असेल तर पिन न तुटताही हद्द ओलांडली जाते. बाहेरून काही दिसत नाही. मॅन्युअलच्या ५ व्या प्रकरणात, कडक लँडिंग आणि वीज पडणं यांच्याबरोबरीने, अशा प्रसंगानंतर काय काय तपासायचं ते दिलेलं आहे. फक्त तो प्रसंग घडला हे कोणीतरी सांगावं लागतं.

बरीच वर्षं झाली. पहाटे तीनची वेळ, हँगरमधून विमान बाहेर काढत होतो. एक शिडी वाटेत राहिली होती, ती चुकवायला ट्रॅक्टर जास्त वळला. कोणाच्या लक्षात आलं नाही. ट्रॅक्टरवाला स्वतःहून माझ्याकडे आला. "साहेब, रेघ ओलांडली बहुतेक." मी विमान थांबवलं. तपासणी केली तर सिझरच्या टोकाचा बुश सरकलेला, वरच्या लिंकला ओरखडा. भाग बदलावे लागले, सकाळचं पहिलं विमान पाच तास उशिरा गेलं.

त्या माणसाला दोन महिने टोइंगवरून काढलं. पत्र निघालं, "निष्काळजीपणा". मी त्याच्या बाजूने तोंडी बोललो, लेखी काही दिलं नाही. हे मला आजही बोचतं. त्यानंतर त्या ठिकाणी मी आणखी सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांत एकही माणूस माझ्याकडे येऊन म्हणाला नाही की रेघ ओलांडली. सहा वर्षं रोज रात्री विमानं ओढली जात होती.

मधुरा_के | रविवार, रात्री ९.५०

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. कायद्यात अशा माणसाला संरक्षण नाही का?

हँगरवाला | रविवार, रात्री १०.३०

तत्त्व म्हणून आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे इकाओच्या, १३ व्या परिशिष्टात स्पष्ट आहे की अपघाताच्या चौकशीचा हेतू अपघात टाळणं हा आहे, दोष कोणाचा हे ठरवणं नाही. १९ वं परिशिष्ट सुरक्षा व्यवस्थापनाचं, २०१३ पासून लागू, त्यात सुरक्षेसाठी दिलेली माहिती जपण्याबद्दल आहे. युरोपने २०१४ च्या ३७६ क्रमांकाच्या नियमात तर न्याय्य संस्कृती असा शब्दच घातला : प्रामाणिक चुकीला शिक्षा नाही, जाणूनबुजून केलेल्या बेपर्वाईला आहे. आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. डीजीसीएच्या (विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनी देखभाल संस्थांना आणि कंपन्यांना घटना कळवणं बंधनकारक आहे, ऐच्छिक अहवालाचीही सोय आहे.

पण पहाटे तीन वाजता ट्रॅक्टरवाल्यासमोर परिशिष्ट नसतं, सुपरवायझर असतो. ऑडिटला आलेले लोक फाइल बघतात, "अशा किती घटना नोंदल्या?" शून्य दिसलं की समाधानाने मान हलवतात. शून्य दिसलं की मला झोप लागू नये, असं माझं मत आहे. इतक्या टोइंगमध्ये एकदाही हद्द ओलांडली गेली नाही, हे मी मानणार नाही.

रोहिणी_पवार | रविवार, रात्री ११.२०

माझा धाकटा भाऊ विमानतळावर टग (विमान ओढणारा ट्रॅक्टर) चालवतो. कायम नोकरी नाही, दर वर्षी कंत्राट. तुमचा धागा त्याला आत्ता वाचून दाखवला. "ओलांडली तर सांगशील का रे?" असं विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, सांगेन. पण पुढच्या वर्षीचं कंत्राट कोण देणार?"

मी त्याला सांग म्हणू का गप्प बस म्हणू? तुम्हीच सांगा काका. मी पण विमानाने जाते, माझी मुलं जातात.

हँगरवाला | रविवार, रात्री ११.५५

रोहिणी, सांग म्हण. पण एकट्याने सांगू नकोस असंही म्हण. टोइंगला बाजूने चालणारा माणूस असतो आणि कॉकपिटमध्ये ब्रेकवर बसलेला असतो. तिघांनी मिळून सांगायचं. जबाबदार इंजिनिअरला सांगून टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) नोंद करायला लावायची. टेक लॉगमध्ये एकदा ओळ लिहिली की ती पुसता येत नाही. तपासणी करून कोणीतरी सही केल्याशिवाय विमान जात नाही. मग प्रश्न "कोणी सांगितलं" असा राहत नाही, "विमान तपासलं का" असा होतो. आणि तो इंजिनिअर माझ्यासारखा निघाला, तोंडी सहानुभूती देऊन गप्प बसणारा, तर त्याच्याकडून लेखी मागून घ्यायचं. मी तेव्हा द्यायला हवं होतं.

विहंग | सोमवार, सकाळी ६.४०

रोहिणीताई, वैमानिकांच्या बाजूनेही सांगतो. कोणी खालून "रेघ ओलांडली" म्हणाला म्हणून उशीर झाला, तर मी त्या माणसाचे आभार मानेन आणि प्रवाशांना उशिराचं कारण स्वतः सांगेन.

रोहिणी_पवार | सोमवार, दुपारी ३.१०

तुम्हा दोघांचं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय, काकांना एक विचार. काही विमानांच्या पायावरची लाल खूण ग्रीसने आणि काजळीने इतकी काळी झालेली असते की रात्री बॅटरी मारली तरी दिसत नाही. ती नीट करायला कोणाला सांगायचं? आणि त्याबद्दल त्याला कोणी काही बोलणार नाही ना?

हँगरवाला | सोमवार, दुपारी ३.४५

त्याला म्हणावं, हे सांगितल्याबद्दल त्याला कोणी काही बोलायचं कारणच नाही. हा विमानातला दोष आहे, त्याचा नव्हे. खूण वाचता येत नाही एवढं इंजिनिअरला विमानाच्या नोंदणी अक्षरांसकट सांगायचं. आधी पुसून बघतात, रंगच गेला असेल तर काम-कार्ड काढून खूण पुन्हा रंगवतात. एका पाळीत होणारं काम आहे.

माझी आज रात्रपाळी आहे. माझ्या बेवर तीन विमानं येणार आहेत. तिन्हींच्या खुणा बॅटरी मारून बघतो आणि सकाळी इथे लिहितो.